कागदावर वारलेला बाप

उन्हाळी सुट्टीत नेपाळला जाऊन तिथल्या बालगृहातल्या मुलांना शिकवायचं, हे माझं जुनं खूळ. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला परदेशी जायला ना-हरकत लागते. ती मिळवताना जेवढा घाम गाळला, तेवढा पुढे काठमांडूच्या चढांवरही गाळला नाही. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही, तो एक ताप वाचला.

राहायला काठमांडूला लागून असलेल्या पाटणमधलं एक नेवार कुटुंब होतं; नेवार म्हणजे त्या खोऱ्यातले मूळ रहिवासी. त्यांचं स्वयंपाकघर सगळ्यात वरच्या मजल्यावर, त्यामुळे पाणी प्यायचं तरी जिने चढा. घरच्या आमा सकाळी नऊ-साडेनऊलाच पोटभर डाळ-भात वाढायच्या. दुपारी नुसते पोहे, तेही कोरडे. आमांनी मला पहिल्याच आठवड्यात सुनावलं होतं, "तिथल्या मुलांना फार जीव लावू नकोस, तू जाणारच आहेस." तेव्हा मला ते टोचलं होतं.

बालगृहातलं काम म्हणजे उवा, नखं, गृहपाठ आणि हातच्याची वजाबाकी. पण एक गोष्ट पहिल्याच दिवशी खटकली. आमच्याकडे पहिलीत आलेलं पोर आठवडाभर आईचा पदर सोडत नाही, मला बघून भोकाड पसरतं. इथली लहान मुलं दारातून आत आलेल्या कुणाच्याही मांडीवर मिनिटभरात चढून बसत. सोबतच्या युरोपियन मुली त्याला प्रेम म्हणत आणि फोटो काढत. एजन्सीला भरभक्कम पैसे भरून आलेल्या त्या, दर दोन आठवड्यांनी नव्या. अनोळखी माणसाला न बुजणारं पाच वर्षांचं मूल बघून माझ्या पोटात मात्र गोळा येई.

सरांना, म्हणजे बालगृह चालवणाऱ्यांना, माझं अक्षर आवडलं. फायली नीट लावून द्या म्हणाले. नेपाळी देवनागरीतच असल्यामुळे मला त्या वाचता येतील, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं; आजवर आलेल्या गोऱ्यांना त्या वाचताच येत नव्हत्या. आता कागद वाचणं हा तर आमचा धंदा. महाराष्ट्रात अर्ध्या गावाचा जन्म 1 जूनला झालेला असतो, ते आमच्याच खात्याचं कर्तृत्व. तेव्हा सोयीची तारीख कशी दिसते, हे मला कुणी शिकवायला नको. कर्णाली या दुर्गम डोंगरी भागातल्या जुम्ला जिल्ह्याच्या मुलांच्या फायलींत वडाची, म्हणजे तिथल्या प्रभाग कार्यालयाची, शिफारसपत्रं होती. वेगवेगळ्या वडांची, पण अक्षर एकाच हाताचं, शाई एकच. सगळ्यांचे आई-बाप वारलेले, आणि मृत्यूच्या तारखाही बहुतेक एकाच महिन्यातल्या. मृत्यू दर्ता, म्हणजे नोंदणीचा खरा कागद, एकाही फायलीत नव्हता.

शनिवारी तिकडे शाळेला सुट्टी. त्या शनिवारी एक माणूस फाटकापाशी आला, पाठीवर राजम्याची पिशवी. जुम्ल्याहून सुर्खेत, तिथून रात्रीच्या बसने काठमांडू. सरांनी आम्हाला सांगितलं, तिसरीतल्या एका मुलीचा लांबचा काका आहे. पाहुणा आला म्हणून मुलांना रांगेत उभं केलं आणि स्वागताचं इंग्रजी गाणं झालं. तीही गायली, हातवाऱ्यांसकट. हनुवटी हुबेहूब त्याची. तो टाळ्या वाजवत होता.

चहा घेऊन मी त्याच्याजवळ बसले. तरुणपणी उत्तराखंडात हमाली केलेली, त्यामुळे हिंदी बरं. म्हैस विकून दलालाला पैसे दिले होते, राजधानीतल्या इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात घालतो म्हणाला म्हणून. मला तो शाळेचीच बाई समजत होता. "वर्गात कितवी येते?" गणितात चांगली आहे म्हटलं, ते खरंच होतं. मग न राहवून सांगितलं, की फायलीत तुम्ही वारलेले आहात.

तो थोडा विचार करून म्हणाला, "मेलेल्या बापाच्या मुलीला फी कमी लागते का?"

मी गप्प. मग तोच म्हणाला, तसं असेल तर राहू द्या.

1996 ते 2006 च्या यादवीत दलालांनी कर्णालीतली मुलं अशीच खाली आणली, हे मी वाचलेलं होतं. बालगृहातल्या बहुतेक मुलांचे आई किंवा बाप जिवंत असतात, हेही. देशात 77 जिल्हे, पण बालगृहांची गर्दी नेमकी काठमांडू खोरं, पोखरा, चितवन अशी पर्यटकांच्या वाटेवर. 2018 च्या कायद्यानुसार मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. यातलं एकही वाक्य मला त्या माणसापुढे उच्चारता येईना. त्याच्या गावच्या शाळेत गणिताला मास्तर नव्हता.

रात्री आमांच्या मुलाने 1098 ला, तिथल्या बालकांच्या मदतवाहिनीला, फोन लावला. काही दिवसांनी नगरपालिकेची माणसं आली, खाटा मोजल्या, काही फायली घेऊन गेली. खाटा मोजायला त्यांना दोन तास लागले. मुलांशी बोलायला कुणाला वेळ नव्हता. सरांनी दुसऱ्या दिवसापासून मला येऊ नका म्हणून सांगितलं.

मी परत आले, शाळा सुरू झाली. मुलगी अजून तिथेच आहे. बापाला नागरिकतेचा दाखला घेऊन, म्हणजे आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला, पुन्हा काठमांडूला बोलावलंय. गाडीभाडं मी पाठवते म्हटलं, तर आमांचा मुलगा नको म्हणाला. परक्या देशातून पैसे आले की सर त्याचाच बोभाटा करतील, हे त्याचं म्हणणं. सध्या तो जुम्ल्याला निरोप पोचवायच्या खटपटीत आहे.