७१ इंचाला एक सूत कमी

नोव्हेंबरात माझ्या एक नेहमीच्या काकू ब्लाउज टाकायला आल्या त्या उजव्या हाताला प्लास्टर घालूनच. पुतणीचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. म्हणाल्या, "उजवी बाही खांद्यापर्यंत उघडी ठेव आणि प्रेस बटणं लाव. वरून पदर घेईन, कुणाला दिसणार नाही." पंचवीस वर्षं शिवतेय, पण प्लास्टरचा बाहीघेर पहिल्यांदाच घेतला. साडेसोळा इंच भरला.

पडल्या कुठे, तर माझ्या दुकानापासून शंभर पावलांवर. फुटपाथवर विजेची मोठी पेटी आहे. तिच्या मागून जाता येईना म्हणून त्या रस्त्यावर उतरल्या, मागून रिक्षाने हॉर्न मारला, दचकून परत वर चढायला गेल्या आणि कडेच्या दगडाला पाय लागला. रिक्षावाल्यानेच उचलून दवाखान्यात नेलं, पैसेही घेतले नाहीत. त्यामुळे त्याच्यावर राग काढायची सोयही राहिली नाही.

दुकान जुन्या ठाण्यात आहे. गल्लीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे एक इंजिनीअर येणार आहेत, भला माणूस आहे, उगाच त्यांच्या डोक्याला ताप नको.

काकू गेल्यावर माझ्या डोक्यात एकच घोळत राहिलं, की त्या पेटीमागे जागा आहे तरी किती? माझ्या गळ्यात सकाळपासून रात्रीपर्यंत टेप असते. बाई दारात उभी राहिली की तिचं शोल्डर मी नजरेनंच सांगते. आणि ज्या फुटपाथवरून सासरी आल्यापासून चालतेय, त्याचं माप मला ठाऊक नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी सहाला मी आणि माझ्याकडे हेमिंग-हुकचं काम करणारी मुलगी, दोघी बाहेर पडलो. तिने भिंतीकडे टेपचं टोक धरायचं, मी आकडा वाचायचा. दुकानापासून नाक्यापर्यंत तेवीस ठिकाणी मोजलं. दूधवाला सायकल थांबवून म्हणाला, "वहिनी, फुटपाथला ब्लाउज शिवताय की काय?" घरी जाऊन त्याने चार ठिकाणी सांगितलं असणार, कारण दुपारपर्यंत हा विनोद मला तिघांकडून ऐकायला मिळाला.

भाचा सिव्हिल इंजिनीअरिंगला आहे. त्याने मोबाइलवर इंडियन रोड्स काँग्रेसचं, म्हणजे रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेचं, एक मार्गदर्शक पत्रक पाठवलं, आयआरसी १०३, सन २०१२चं. त्यात म्हटलंय की फुटपाथवर चालायला कमीत कमी १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच एवढी सलग मोकळी जागा हवी. मध्ये झाड, खांब, पेटी, काही नको. दुकानांच्या भागात तर रुंदी याहून जास्त. आणि कडेची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको, म्हणजे साधारण सहा इंच. १.८ मीटर म्हणजे माझ्या भाषेत ७१ इंचाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी.

शिंप्याची टेप ६० इंची असते. म्हणजे नियमातला फुटपाथ मोजायला माझी टेप पुरणारच नाही, साठवर बोट धरून पुढे अकरा मोजावे लागतील. तेवीस ठिकाणांपैकी तसं बोट धरावं लागलं फक्त दोन ठिकाणी. बाकी सगळं एका टेपेत मावलं. काही ठिकाणी अर्ध्या टेपेतच.

पेटीची गोष्ट सांगते. भिंतीपासून कडेच्या दगडापर्यंत फुटपाथ ८२ इंच. पेटी ज्या काँक्रीटच्या ओट्यावर बसवलीय तो ४४ इंच. रस्त्याच्या बाजूला उरले २४, त्यात गुलमोहराचं खोड. भिंतीच्या बाजूला उरले १४. चौदा! शिवणकाम करणाऱ्या बायका हे वाचत असतील तर त्यांना सांगायला नको. कितीतरी बायकांचं नुसतं शोल्डरच चौदा इंच भरतं. दोन्ही दंड आणि खांद्याला लावलेली पर्स त्यात धरलेलीच नाही. काकूंनी मागून जायचा प्रयत्न केला असता तर अडकल्या असत्या, एवढंच.

नाक्यावर कढीपत्ता-कोथिंबीर विकणारी बाई बसते, तिचंही मोजलं. गोणपाट धरून २६ इंच. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फुटपाथ म्हटलं की पहिलं बोट तिच्याकडे जातं. पण ती दुपारी एकला गोणपाट झाडून घरी जाते. ओटा कधी जात नाही. फेरीवाल्यांसाठी २०१४चा कायदा आहे, शहर फेरीवाला समिती आहे, तिच्यात किमान ४० टक्के सभासद फेरीवाल्यांचेच हवेत असं त्यात लिहिलंय. चालणाऱ्यांची तशी समिती कुठे असेल तर मला तरी दिसलेली नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते. तेवीसमधलं नववं ठिकाण माझं दुकान. माझी पायरी फुटपाथवर १३ इंच पुढे आलेली. सासऱ्यांनी बांधलेली. तेव्हा दोन पायऱ्या होत्या म्हणे, पावसात पाणी आत येऊ नये म्हणून जोतं उंच घेतलं होतं. मग फुटपाथ दर खेपेला जुन्यावरच नवा असा चढत गेला, एक पायरी त्याखाली गडप झाली आणि राहिलेली माझ्या वाट्याला आली. पायरीवर मी रोज साडी नेसवलेला पुतळाही ठेवायचे, म्हणजे आणखी थोडी जागा. इथे मात्र आकडा त्या मुलीने वाचला, "तेरा," आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी म्हटलं, "लिही."

वही गिऱ्हाइकांच्या मापांचीच होती. दुसरी हाताशी नव्हती.

पुढे काय करायचं कळेना. नगरसेवकाकडे जावं तर नगरसेवक कुठे होते! मार्च २०२२ला मुदत संपल्यापासून पावणेचार वर्षं आमच्याकडे प्रशासकाचाच कारभार. स्थायी समितीत नियमाने १६ नगरसेवक बसतात, खर्चाच्या कागदावर त्यांची नजर जाते, कुणी चांगल्या हेतूने तर कुणी कशाने, पण प्रश्न तरी विचारला जातो. या काळात तेही बंद. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ला. आता प्रभागात चार-चार नगरसेवक आहेत, म्हणजे एकाला विचारलं की दुसऱ्याचं नाव. असो, नवे आहेत, बघू.

तर मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट आणि दीडशे शब्दांची मर्यादा. माझे आधी चारशे झाले होते, अर्ध्यात तर काकूंचं प्लास्टरच होतं. भाच्याने कात्री लावली. त्याने शिकवलेली एक गोष्ट इथे सगळ्यांसाठी लिहिते. "फुटपाथ असा का" असं विचारायचं नाही, "का"ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. कागद मागायचा. आणि नुसत्या प्रती मागण्यापेक्षा "अभिलेखाची पाहणी करायची आहे" असं लिहायचं. २००५च्या कायद्यात पाहणीचा हक्क आहे, पहिला तास फुकट. मी मागितलं ते आमच्या गल्लीतल्या फुटपाथच्या शेवटच्या कामाचं अंदाजपत्रक, कार्यादेश (काम सुरू करायचा हुकूम), मोजमाप पुस्तिका आणि दोष दायित्वाची मुदत, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने कधीपर्यंत दुरुस्त करून द्यायचं ते.

मोजमाप पुस्तिका, त्यांच्या बोलीत एमबी, ही काय चीज आहे ते मला आधी माहीत नव्हतं. ठेकेदाराने काम केलं की इंजिनीअर जागेवर जाऊन मोजतो आणि या वहीत लिहितो, लांबी, रुंदी, जाडी, परिमाण. वरचा साहेब त्यातलं काही तपासून सही करतो. बिल निघतं ते या वहीवरून. म्हणजे कार्यालयातही माझ्यासारखीच मापांची वही असते! हे कळल्यावर मला कधी एकदा ती बघते असं झालं.

पत्र आलं, दिवस ठरला, गेले. कनिष्ठ अभियंता माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी खुर्ची दिली, पान उघडून दिलं. पेव्हर ब्लॉक बसवणे, लांबी ११८ मीटर, रुंदी २.१० मीटर, एकूण २४७.८० चौरस मीटर. मी पर्समधून टेप काढली. सेंटिमीटरची बाजू मी एरवी कधी वापरत नाही, पण २१० सेंटिमीटर म्हणजे पावणेत्र्याऐंशी इंच. माझ्या वहीत ८२ आणि वर थोडे.

खोटं काही नव्हतंच. मी मनात धरून गेले होते की लबाडी सापडेल, तर वही माझ्या टेपशी तंतोतंत जुळत होती. मी म्हटलं, "साहेब, रुंदी बरोबर आहे, पण चालायला चौदाच इंच आहेत." ते म्हणाले, "ताई, आम्ही ब्लॉक किती बसले ते मोजतो. बिल ब्लॉकचं असतं." मी विचारलं, "मोकळी जागा किती उरली, ते कुठे लिहिता?" त्यांनी खरोखर पानं उलटली. मग म्हणाले, "तसा रकाना नसतो."

हे ऐकून मला राग यायला हवा होता, पण मला माझंच काम आठवलं. समजा मी कापड किती मीटर लागलं एवढंच लिहून पैसे घेतले आणि ब्लाउज अंगाला बसतो की नाही हे बघितलंच नाही, तर माझ्या वहीत खोट कुणाला सापडणार आहे? कापड तर तेवढंच लागलेलं. फुटपाथचं नेमकं हेच झालंय. खांबाभोवती ब्लॉक सुबक कापून बसवले की परिमाण पूर्ण, बिल पूर्ण. मध्ये खांब आहे म्हणून मापात घट पडली तर वीतभराची.

आणि ते खांब-पेट्याही एकाच्या नाहीत. पेटी वीजवाल्यांची, दिव्याचा खांब विद्युत विभागाचा, गुलमोहर उद्यान विभागाचा, "नो पार्किंग"चा फलक वाहतूकवाल्यांच्या सांगण्यावरून, आणि दर दोन वर्षांनी केबलसाठी खोदाई करणारे निराळेच. प्रत्येकाकडे परवानगी आहे. प्रत्येकाने आपापल्यापुरती दीड-दोन फूट जागा घेतलीय. शिवणीत आपण माया सोडतो ना, पुढेमागे उसवायची वेळ आली तर असावी म्हणून, तसे सगळे फुटपाथची माया खात गेले आणि शेवटी कापडच संपलं.

सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ला म्हटलं, की चालायला नीट फुटपाथ मिळणं हा घटनेच्या अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, अपंगांनाही वापरता येतील असे असले पाहिजेत, राज्यांनी त्यासाठी नियम आखावेत. मला हे वाचून बरं वाटलं. पण एवढा मोठा हक्क आमच्या गल्लीत येऊन शेवटी एमबीच्या पानावर अडतो. म्हणून मी पालिकेच्या लोकशाही दिनाला, महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो, एकच मागणी लिहून दिलीय. फुटपाथच्या कामाच्या मोजमापात एक जादा ओळ घाला, "सर्वांत कमी मोकळी रुंदी". जिथे सगळ्यात चिंचोळं तिथे टेप लावा आणि तो आकडा लिहा. पैसे लागत नाहीत. पेटी हलवायला लागतात, कळतंय मला, पण आकडा लिहायला काय लागतं?

उत्तर अजून आलेलं नाही.

मधल्या काळात मी पायरी फोडली. मिस्त्रीने २२०० रुपये घेतले. आता पायरी दुकानाच्या आत आहे, त्यामुळे ओव्हरलॉकचं मशीन माळ्यावर गेलं आणि मला दिवसातून दहा वेळा शिडी चढावी लागते. नवऱ्याचं म्हणणं, "सगळ्या गल्लीत तूच एक हरिश्चंद्र." शेजारचा स्टेशनरीवाला चार दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याची पायरी १९ इंच आहे. माझ्या वहीत आहे हे त्याला माहीत आहे. पुतळा मात्र मी अजून संध्याकाळी अर्धा तास बाहेर काढते, लाइट लागायच्या वेळेला. हेही लिहून टाकलं.

काकूंचं प्लास्टर निघालं. ब्लाउजची बाही जोडून घ्यायला आल्या होत्या. हात थोडा बारीक झालाय, अर्धा इंच आत घ्यावा लागला.

परवा त्याच इंजिनीअरांचा फोन आला. पेटीच्या जागेची पाहणी ठेवलीय, वीजवाल्यांचा माणूसही येणार आहे. "ताई, तुमची ती मापांची वही झेरॉक्सला मिळेल का? तेवीस ठिकाणांची?"

म्हटलं, देते. पण एकाच बाजूची काढा, मागच्या पानावर गिऱ्हाइकांची मापं आहेत.