सहा मीटरचे पाईप, कँटिलिव्हर रॅक आणि एक गोदामभेट

आमच्याकडे पाईप, अँगल, फ्लॅट सगळा माल जमिनीवर थप्पी लावून असतो आणि गिऱ्हाइकाला हवा असलेला नग हमखास तळाशी निघतो. म्हणून रॅक मागवण्याआधी लांब मालाचं एक चालतं गोदाम पाहून आलो.

तिथे कँटिलिव्हर रॅक आहेत. मागे कॉलम, पुढे नुसते आर्म (माल ठेवायचे आडवे हात), समोर आडवा येणारा खांबच नाही. प्रत्येक साईज वेगळ्या आर्मवर असल्यामुळे वरचा माल उतरवून पुन्हा चढवणं बंद. आमचा बहुतेक वेळ यातच जातो, उचलण्यात नाही.

सहा मीटरच्या पाईपला तीन आर्म, दोन-दोन मीटरवर. दोन्ही टोकांना एकेक मीटर बाहेर, म्हणजे आर्ममधल्या अंतराच्या निम्मं. पातळ पाईप मात्र तिथेही मधे झोळ खात होते. आपला माल तसा असेल तर दीड मीटरवर चार आर्म घ्या. ऑर्डर देण्याआधी जमिनीवर लाकडी ठोकळे त्याच अंतरावर ठेवून बंडल टाकून बघा, फुकटात कळतं. आर्मवर लिहिलेलं वजन सारखं पसरलेल्या मालाचं असतं. बंडल टोकाकडे सरकलं की तो आकडा विसरायचा.

खरी गोम रॅकमधल्या वाटेच्या रुंदीत आहे. साधी फोर्कलिफ्ट माल आडवा धरून चालते, म्हणजे सहा मीटरच्या मालाला वाट त्याहून मोठी. साइडलोडर, म्हणजे बाजूने माल उचलणारं यंत्र, तोच माल वाटेला समांतर नेतो, वाट बरीच अरुंद चालते. यंत्र आधी ठरवा, रॅक नंतर. (विक्रेते हे स्वतःहून सांगत नाहीत.)

सुटे नग एकेक काढायचे असतील तर खोक्याखोक्यांचे हनीकोंब रॅक बरे, पण माल टोकाकडून ओढायचा असल्याने समोर मालाच्या लांबीइतकी मोकळी जागा लागते. क्रेन असेल तर बाहेर सरकणारे कप्पे बघा: पट्टा थेट वरून लावता येतो. कापून उरलेले तुकडे त्यांनी उभ्या रॅकमध्ये वेगळे ठेवलेत. आमच्याकडे हेच तुकडे सगळ्यांच्या पायात येतात.

बघायला जाणार असाल तर गाड्या भरायच्या वेळी जा, रिकाम्या वेळी सगळीच गोदामं छान दिसतात. सेफ्टी शूज, टेप न्या. सगळ्यात कमी खपणारी साईज काढून दाखवायला सांगा आणि किती माल हलवावा लागतो ते मोजा. सर्वाधिक खपणारा माल कमरेच्या उंचीवर आहे का, तेही बघून घ्या.