पानाची डावी बाजू

मुलीने माझ्या फोनमध्ये आहाराचं अ‍ॅप घालून दिलं, तेव्हा माझा रक्तदाब 152/94 होता. डॉक्टर म्हणाले होते, "काकू, गोळी चुकवायची नाही आणि मीठ कमी." कमी म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्या घरात मिठाचं माप एकच, चवीपुरतं.

अ‍ॅपला चवीपुरतं कळत नाही. 'आमटी' लिहिलं की ते 'दाल, एक कटोरी' पुढे करतं. आमसूल, गूळ, गोडा मसाला सगळं त्या दालमध्ये बुडालं. तरी मी नेमाने लिहीत होते. दोन पोळ्या, भाजी, आमटी, भात. आठवडाभर सोडियमची पट्टी हिरवीगार. मला वाटलं, उगीच घाबरवलं डॉक्टरांनी.

मग एका दुपारी मुलीने व्हिडिओ कॉल केला आणि तिला माझं ताट दिसलं.

"आई, ते पापड, लोणचं, चटणी कुठे लिहिलंस?"

"ते काय लिहायचं? डावी बाजू आहे ती."

बोलून गेले आणि माझं मलाच हसू आलं. आपल्या पानाची रचनाच तशी. वरती मधोमध आधी मीठ, त्याच्या शेजारी लिंबू. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं, पापड. उजवीकडे भाजी, आमटी. 'आज काय केलंय जेवायला?' या प्रश्नाला आपण नेहमी उजवीकडचं उत्तर देतो. डावीकडचं वाढायचं ते बोटभर, चमचाभर, आणि ते हिशेबात कधीच नसतं. त्या दिवसापासून मी डावी बाजूही लिहायला लागले आणि पट्टी लाल झाली. पापडात तर दोन्हीकडून मार. मीठ असतंच, वर पापडखार, त्यातही सोडियम.

मग स्कॅन करायचा नाद लागला. दिसेल त्या पुड्याचा बारकोड फोनसमोर धरायचा. खारी निदान नावातच कबुली देते, पण गोड बिस्किटं आणि पाव यांनी मला चांगलंच फसवलं होतं. पुड्यावर मीठ किती ते लिहिलेलं नसतं, सोडियम असतं, तेही बारीक अक्षरात. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम. साधारण एक सपाट चहाचा चमचा. त्यात सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या पिठल्यापर्यंत सगळं आलं.

पण खरा उजेड पडला तो फोनमधल्या साध्या कॅल्क्युलेटरने. मिठाची किलोची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहायची, एवढंच केलं. आम्ही दोघंच घरात. पिशवी 50 दिवसांत संपली. म्हणजे रोज 20 ग्रॅम, माणशी 10. खरं तर ती 100 दिवस पुरायला हवी होती, आणि तीही पाव-बिस्किटांतलं मीठ न धरता. आमचे अहो म्हणाले, "अगं, त्यातलं थोडं नातवाची दृष्ट काढायला गेलं." किती गेलं असेल? तीन चिमटी. तीही मी मनातल्या मनात वजा केली.

पुढची पिशवी 71 दिवस गेली. फार काही पराक्रम केला नाही. कणकेत मीठ घालणं सोडलं. कोशिंबिरीत मीठ आधी न घालता पानावर बसताना वरून भुरभुरवायला लागले. तिला पाणीही सुटत नाही आणि कमी मिठातही ती खारट लागते. आमटीत आमसूल वाढवलं. पापड सणापुरता. कमी सोडियमचं मीठ आणणार होते, पण त्यात पोटॅशियम असतं आणि मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या असतील तर ते चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारलं. माझी गोळी नेमकी त्यातलीच निघाली. पहिले पंधरा दिवस सगळं अळणी लागलं. आता शेजारचा डबा आला की मलाच खारट लागतो. परवा रक्तदाब 134/84 होता. श्रेय गोळीचं की कोशिंबिरीचं, ते अ‍ॅप सांगत नाही.

गेल्या रविवारी नणंद जेवायला आली. पहिल्या घासालाच म्हणाली, "वहिनी, आमटीत मीठ विसरलीस का गं?" पाहुणी म्हणून तिच्या पानात मी वरती मीठ वाढलंच होतं, ते दाखवलं. तिने घेतलं. शेजारी बसलेल्या अहोंनीही हळूच तिच्या पानातल्या मिठाला बोट लावलं, जिभेला टेकवलं आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "हे कोणाच्या नावावर लिहिणार?"