आप्पांच्या बागेतल्या खालच्या ओळी

चोपडा तालुक्यातील केळी उत्पादकांना पिकाविषयी सल्ला देणे हे माझे काम आहे. दिवसातला बराच वेळ मीच बोलत असतो, आणि त्या नादात समोरच्याचे ऐकून घेणे राहून जाते, हे मला फार उशिरा कळले.

एका सकाळी एक आप्पा खांद्यावरच्या रुमालात केळीचे पान गुंडाळून आले. "भाऊ, मनी केळी पिवळी पडी ऱ्हायनी," हे त्यांचे वाक्य संपते न संपते तोच मी पानावरचे दोन-चार ठिपके पाहून करपा या पानांवरच्या रोगाचे निदान केले आणि फवारणीची चिठ्ठी लिहायला घेतली. ते खालच्या ओळींविषयी काही सांगू लागले होते. मी मान डोलावत औषधाचे प्रमाण सांगत राहिलो. त्यांनी चिठ्ठीची बारीक घडी करून ती खिशात ठेवली, "बरं भाऊ" म्हटले आणि निघून गेले. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाच्या "बरं"मध्ये होकारापेक्षा संकोच जास्त असू शकतो, हे जन्मापासून खानदेशात राहूनही माझ्या ध्यानात आले नाही.

दहा-बारा दिवसांनी बागेत गेलो, तेव्हा पिवळेपणा फक्त खालच्या चार ओळींत दिसला. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचून तिथले ड्रिपर, म्हणजे थेंब-थेंब पाणी सोडणारी तोंडे, बंद पडले होते आणि झाडांना पाणी व खत दोन्ही पोहोचत नव्हते. फवारणीचा खर्च वाया गेला होता. त्याचे दुःख मला आजही आहे, कारण आप्पा नेमके हेच सांगायला आले होते.

असे का होते, याचे एक कारण अमेरिकेत ऐकण्याच्या सवयींचा अभ्यास करणाऱ्या राल्फ निकोल्स यांनी सांगितले आहे. तिथला माणूस बोलताना मिनिटाला साधारण १२५ शब्द उच्चारतो. मन मात्र त्याहून कितीतरी वेगाने धावते, आणि त्या उरलेल्या वेळात ऐकणारा भरकटतो. मी त्या वेळात उत्तर जुळवत होतो. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली 'सक्रिय श्रवणा'विषयी लिहिले, त्यात शब्दांबरोबर त्यांमागची भावनाही समजून घेण्यावर आणि आपल्याला कळलेले समोरच्याला सांगून ते पडताळण्यावर भर आहे. मला यातले पडताळणेच सर्वांत मोलाचे वाटते, कारण मान डोलावण्याने ऐकल्याचा केवळ भास होतो.

आता समोरचा थांबला तरी मी लगेच बोलत नाही. पुष्कळदा खरी अडचण त्या थांबण्यानंतरच बाहेर येते. मग चिठ्ठी लिहिण्यापूर्वी मला काय समजले ते मी सांगतो. परवा आप्पा पुन्हा आले. त्यांचे सगळे ऐकून मी म्हणालो, "म्हणजे नळ्या धुतल्यानंतर चारही ओळी सुधारल्या." त्यांनी मान हलवली. तीनच सुधारल्या होत्या. बांधाकडच्या चौथ्या ओळीत आता पाणी साचत होते.