पत्रा की कौल

२४ मार्च, कोपरी गाव

खोली मिळाली. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर विटांच्या चार भिंती आणि वर लोखंडी पत्रा. भाडं परवडलं ते या पत्र्यामुळेच. हा म्हणाला, "दोन-सव्वादोन महिने तर काढायचेत, काढू की." वाशीचं फळ मार्केट इथून चालत दहा मिनिटं. आजऱ्याहून आणलेलं घनसाळ तांदळाचं अर्धं पोतं कोपऱ्यात ठेवलं, तेवढ्यानं खोली भरली.

कशासाठी आलो ते लिहून ठेवते, नाहीतर मे उजाडेपर्यंत विसरेन. गावच्या घराचं छप्पर. दोन वासे वाळवीनं खाल्लेत, कौलं वानरांनी फोडलीत, गेल्या श्रावणात देव्हाऱ्यापुढं बादली लावली होती. मृगाआधी काम व्हायला पाहिजे. ह्याचं म्हणणं, पत्रा घालूया. एका दिवसात बसतो, वानरं नाचली तरी फुटत नाही, दरवर्षी शाकारणीला माणूस शोधायला नको. माणूस मिळत नाही हे खरंच आहे. मीही मान डोलावली होती.

२ एप्रिल

आमचं घड्याळ असं: हा रात्री एकला गाळ्यावर जातो. देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरीच्या गाड्या रात्रीच लागतात. पेट्या मोजायच्या, नोंदी करायच्या, बागायतदारांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशेब, लिहायच्या. पेट्या उतरवणारे माथाडी वेगळे. त्या कामाला हात लावायचा नाही, हे ह्याला पहिल्याच रात्री सांगितलं. १९६९ पासून माथाडींचा कायदा आहे, म्हणे. दुपारी हा तिथंच पोटमाळ्यावर झोपतो. वर पक्का स्लॅब, शिवाय पंखा. संध्याकाळी सातला खोलीवर येतो. मी सकाळी नऊला जाते, साडेसहाला परत. म्हणजे संसार सात ते एक, त्यातले तीन तास ह्याची झोप.

माझं काम पॅकहाउसमध्ये. निर्यातीचा हापूस निवडायचा: डाग, देठाचा चीक, वजन, रंग. युरोपला जायचा आंबा ४८ अंशाच्या पाण्यात ६० मिनिटं ठेवतात, फळमाशीची अंडी-अळ्या मराव्यात म्हणून. २०१४ साली माशी सापडली म्हणून युरोपनं आपला आंबा बंदच केला होता. अमेरिकेला जाणाऱ्याची तऱ्हा वेगळी, त्याच्यावर किरणांचा मारा. पहिल्या दिवशी मला त्या फळांची कीवच आली. झाडावर ऊन खाल्लं, ट्रकमध्ये उकडलं, आता वर आणि आंघोळ.

१९ एप्रिल

आजऱ्यालाही ऊन असतं. पण तिथं सावलीत गेलं की ऊन संपतं, आणि संध्याकाळी आंबोलीकडून वारा सुटतो. इथं सावलीत नुसता उजेड कमी होतो. घाम येतो तो अंगावर तसाच राहतो, वाळेल तर गारवा देईल ना. मानेवर, पाठीवर घामोळं. पंखा लावला की पत्र्याखालची गरम हवाच खाली ढकलतो, म्हणून रात्री कधीकधी बंद करून बघते. मग डास.

ह्याला सांगितलं, तर म्हणाला, "रात्री पत्रा गार पडतोय की." पडतो. पत्रा तापतो लवकर तसा निवतोही लवकर. पण दिवसभर त्याच्याखाली भाजलेल्या भिंती आणि पायाखालची गच्ची? त्या पहाटे तीनपर्यंत ऊब सोडत बसतात. हा रात्री एक वाजताच गेलेला असतो, त्याला काय कळणार.

खालच्या घरमालकीण आजी आगरी. तोंडानं फटकळ, पण रोज सकाळी जिन्यात विचारतात, "काय गो, नीज लागली का?" आज बसवून घेतलं, कोकम सरबत दिलं. १९७० ला नवी मुंबई वसवणारी सिडको आली त्याच्या आधी इथं भातशेती, खाजण आणि मिठागरं होती, त्यांचं घर कौलारू होतं. म्हणाल्या, "ते घरान पंखा लावायचा इसरायचू आमी." आजींचं ऐकून मला आमच्या फुटक्या कौलांची आठवण आली. चिडून आली, पण आली.

३ मे

शोध लागला! गाळ्यामागं रिकाम्या पेट्यांतल्या पेंढ्याचे ढीग पडतात, कुणी विचारत नाही. ह्यानं तीन रात्री थोडा थोडा आणला. पत्र्यावर वीतभर थर, वर जुनी मासळीची जाळी (आजींची), कडेनं विटा. फरक पहिल्याच दिवशी कळला. संध्याकाळी दार उघडल्यावर तोंडावर जो भपका यायचा तो आला नाही. वास मात्र असा सुटला की खोलीची अढीच झाली. "पिकतोय आपण," हा म्हणाला. खूप दिवसांनी हसलो.

रविवारी सागर विहारला गेलो. खाडीचा वारा, भेळ. लांब चिखलात फ्लेमिंगो होते. फार बोललो नाही, बोलायला त्राण नव्हतं.

९ मे

पेंढा गेला. आजींच्या मुलाला समजलं, आणि त्याचं बरोबरच आहे. एक बिडी पडली असती तर वरचा मजला पेटला असता. काल रात्री काढून टाकला. उरलेला सकाळच्या वाऱ्यानं गल्लीभर केला, तो मी झाडला. गल्लीतल्या बायका बघत होत्या.

आज पॅकहाउसमध्ये एक अख्खी पेटी बाजूला काढली. वरून देखणी फळं, नमुन्याला एक कापलं तर आत साका. पांढरट, स्पंजासारखा गर. झाडाखालची जमीन तापली, काढणीला उशीर झाला की साका वाढतो, म्हणून शहाणे बागायतदार झाडाखाली गवत अंथरतात. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. घरी फोनवर आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, मी रोज सांगते, "बरं आहे, काही त्रास नाही."

१५ मे

आज शून्य सावलीचा दिवस, बरोबरच्या मुलीनं सांगितलं. साडेबाराच्या पुढं पाचेक मिनिटांनी आम्ही अंगणात उभ्या राहिलो. बाटली ठेवली, तिची सावली तिच्या बुडाखालीच. मजा वाटत होती, तेवढ्यात ह्याचा फोन. ताप आहे, गाळ्यावरून खोलीवर आलोय.

हजेरी कापून निघाले. पोचले तर हा फरशीवर उघडा पडलेला, डोळे लाल. ह्याला त्या खोलीत भर दुपारी मी पहिल्यांदाच बघत होते. मला एकदम खारघर आठवलं, २०२३ च्या एप्रिलात मैदानातल्या उन्हानं माणसं गेली होती ते. आजींनी आणि मी त्याला धरून खाली त्यांच्या घरात नेलं, ओला पंचा फिरवला, घोटघोट ओआरएस दिलं, मग दवाखाना. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, दोन दिवस विश्रांती. पण विश्रांती कुठं घ्यायची हो? त्या खोलीत?

आजींनी बाहेरची खोली दिली. पैशाचं नाव काढलं तर ओरडल्या.

२२ मे

हा पुन्हा कामावर. कोकणचा हापूस सरत आला, गाड्या निम्म्याही नाहीत. जुन्नरचा माल आणि केसर दिसायला लागलेत. ठरल्यापेक्षा थोडे कमीच पैसे जमले. माझी कापलेली हजेरी, औषधं.

आजारपणानंतर ह्यानं छपराचा विषय काढलेला नाही, मीही नाही. माझ्याकडं बोलायला चांगली संधी होती. पण आजारी माणसाला "बघा, सांगत नव्हते?" म्हणणं मला आवडत नाही. माझी आई वडलांना म्हणायची, मला तेव्हाही आवडायचं नाही.

२९ मे

परवा निघायचं. मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, फोन आला, पत्रेवाला गडहिंग्लजहून माप घ्यायला येतोय म्हणाले. हा गच्चीत जाळी गुंडाळत होता, फोन खांद्यात धरून. मी भांडी बांधत होते.

"आबा, त्याला थांबवा," हा म्हणाला. "वासे तेवढे बदलून घेऊ. कौलं किती लागतील ते मोजून ठेवा, जुन्यातली चांगली निघतील ती वेगळी काढा."

पलीकडून मामा बराच वेळ काहीतरी बोलत होते, मला ऐकू आलं नाही.

"व्हय, फोडतील," हा म्हणाला. "मी आहे की घरात, हाकलतो."

मग आत आला, मला जाळी दिली आणि आजींना परत करून यायला सांगितलं.