बारा हजार क्युसेक

अण्णांची उभी हयात पाटबंधारे खात्यात गेली, तीही उजनीच्या कालव्यावर. त्यामुळे पावसाळ्यात आमच्या घरी कुणी आलं की पाण्याचा तांब्या नंतर, आधी चौकशी: ‘किती सोडलंय?’ अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर राफ्टनं निघताना लीज फेरीच्या काठावर गाईड बाईंनी ‘आज बारा हजार’ म्हटल्यावर मुलगा मला समजावून सांगायला लागला. म्हटलं, राहू दे. सेकंदाला बारा हजार घनफूट, म्हणजे आपलं क्युसेकच.

खरं सांगते, मनात आलं, एवढंच? भीमेत लाखावर सोडतात तेव्हा पंढरपूरच्या वाळवंटातलं पुंडलिकाचं देऊळ पाण्यात गेलेलं मी कितीदा पाहिलंय.

ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीनं २२६ मैल, चौदा दिवस. मुलगा फिनिक्सला असतो, त्याचाच हा हट्ट. जून महिना, दुपारी ४२-४३ अंश. सोलापूरकराला त्याचं काय! पण पहिली लाट छातीवर आली आणि श्वासच अडकला. पाणी ९-१० अंशांचं. वर भट्टी आणि खाली बर्फ, असं दिवसभर चालायचं. रात्री उलट त्रास. दिवसभर तापलेले कडे धग सोडत राहतात, वाळूवर झोप लागत नाही. कापड ओलं करून पांघरा, असं गाईड म्हणाल्या. मी नेलेले चार सोलापुरी टॉवेल कामी आले. दोन तर इतरांनीच नेले.

एक नियम मला जड गेला. लघवी नदीतच करायची, वाळूत नाही. घट्ट मैला डब्यात भरून राफ्टवरून परत न्यायचा. आषाढीला चंद्रभागेत उतरताना आधी पाणी कपाळाला लावणारी मी. दोन दिवस अवघडले. मग पटलं. तिथं पाऊस नावाला, मुक्कामाच्या जागा मोजक्या; वाळूत मुरलेलं वाहून जाणार कधी? तरी रोज आधी हात जोडायचे.

संध्याकाळी गाईड पाण्याच्या कडेला काडी रोवायच्या. सकाळी काडी कधी पाण्यात, कधी हातभर कोरड्यात. लीज फेरीच्या पंधरा मैल वर ग्लेन कॅन्यन धरण आहे, १९६३पासून पाणी अडवतंय. शहरांत विजेची मागणी वाढली की तिथून जास्त सोडतात आणि तो फुगवटा कित्येक तासांनी आमच्या मुक्कामाला पोचतो. ती काडी पाहिली की मला कालव्यावर पट्टी वाचणारे अण्णा दिसायचे.

१७९व्या मैलाला लाव्हा फॉल्स. राफ्ट काठाला लावून गाईड वर चढल्या, मीही मागोमाग. पायाखाली काळा दगड, थेट आपल्याकडचा, बेसाल्ट. इतके दिवस तांबडे-पिवळे कडे पाहिल्यावर त्याला हात लावून बरं वाटलं. खाली मात्र बघवेना. बाजूच्या ओढ्यानं पुरात आणलेले धोंडे नदीत पडलेत आणि सगळी नदी त्यांच्यावरून कोसळतेय. मधोमध मोठा खड्डा, पाणी त्यात पडून उलटं फिरतंय. भीमा पूर आला की पसरते, शेतं व्यापते. इथं पसरायला जागाच नाही. बारा हजार म्हणजे काय ते तिथं कळलं.

उजव्या अंगानं गेलो. दोन्ही हातांनी दोरी धरली, विठ्ठलाचं नाव घेतलं. समोर तपकिरी भिंत उभी राहिली, मग काहीच दिसलं नाही. नाकातोंडात पाणी, कानात गडगडाट. अर्धं मिनिटही नसेल. डोळे उघडले तर मुलगा माझ्या जॅकेटचा पट्टा धरून रडत होता. मीही रडले.

फिनिक्सला पोचल्यावर अण्णांना फोन केला. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, मोठ्यानं बोलावं लागतं.

‘किती होतं गं?’

‘बारा हजार, अण्णा.’

थोडं थांबले. ‘सांडव्यावरचं का वीजघरातलं?’

‘वीजघरातलं.’

‘मग खोलातलं पाणी ते. गार असणार. नीट पुसलंस ना अंग?’