आमची वाटचाल: ५० मिलीची ट्यूब आणि आमच्यावरचा आळ

द्राक्षात फवारणीच्या औषधांचा अंश किती उरला हे सांगणाऱ्या रेसिड्यू रिपोर्टवर मशीनचं नाव येतं. त्या मशीनमध्ये जे इंजेक्ट होतं ते तयार होतं ५० मिलीच्या ट्यूबमध्ये, आणि त्या ट्यूबमध्ये लागणारं सॉल्ट आम्ही नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मोजून भरतो. याचा आम्हाला अभिमान आहे.

फळातले हे अंश वेगळे काढायची क्वेचर्स पद्धत २००३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि द्रवांचे थर वेगळे करणाऱ्या सेपरेटिंग फनेलची कटकट संपली. १० ग्रॅम लगदा, १० मिली असिटोनायट्राइल हे सॉल्व्हंट, ४ ग्रॅम निर्जल मॅग्नेशियम सल्फेट, १ ग्रॅम मीठ. हलवा, सेंट्रिफ्यूजला लावा, वरचा थर घ्या. त्यातल्या १ मिलीला १५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि २५ मिलिग्रॅम पीएसए, म्हणजे फळातली आम्लं आणि साखर शोषून घेणारी पूड. ऐकायला सोपं, पण सीझनमध्ये रोज शेकडो ट्यूबांची सॉल्ट वजन करत बसणारी पोरं कंटाळतात, आणि कंटाळलेल्या हातात ४ ग्रॅमचं साडेतीन कधी होतं ते कळतही नाही. ते वजन आम्ही करून देऊ, एवढ्याच विचारावर मी आणि अण्णांनी धंदा सुरू केला.

अण्णा औषध कंपनीतून निवृत्त झालेले केमिस्ट. पैसा माझा, भट्टी त्यांची. मॅग्नेशियम सल्फेटमध्ये थॅलेटचा, म्हणजे प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनाचा, अंश असतो, म्हणून ते ५०० अंशांवर पाच तास भाजायचं, आणि भाजलेलं सॉल्ट डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल लागू न देणाऱ्या बंद भांड्यात, थंड झाल्याशिवाय काट्यावर घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. पावसाळ्यात तर ते भरायच्या खोलीचं दार कुणाला उघडू देत नसत. ट्यूब हलवली की ती हातात गरम लागली पाहिजे, म्हणायचे. गरम झाली नाही तर सॉल्टनं पाणी आधीच पिऊन ठेवलंय.

मधली वर्षं चांगली गेली. मग आमच्याच डीलरनं स्वतःचं पॅकिंग सुरू केलं.

आमची गिऱ्हाइकं त्याला तोंडपाठ होती. मुंबईच्या एका मोठ्या लॅबमध्ये जाऊन त्यानं सांगितलं की आमच्या ट्यूबच्या ब्लँकमध्ये, म्हणजे द्राक्ष न घालता केलेल्या कोऱ्या चाचणीत, पीक (ग्राफवरचं टोक) येतो. पीक येत होता, हे खरं. मशीनवर १४९ वजनाचा आयन दिसत होता, म्हणजे थॅलेट. पण तो आमचाच कशावरून? आम्ही क्रोमॅटोग्राम, म्हणजे मशीनचा ग्राफ, मागितला, दिला नाही. नुसत्या सॉल्व्हंटचा ब्लँक लावा म्हणून विनवलं, उत्तर नाही. ऑर्डर थांबली. बातमी फिरली आणि पाठोपाठ इतरांनीही हात आखडता घेतला. बँकेचा हप्ता थकला, भट्टी बंद, कामावरच्या दोन मुली घरी बसवाव्या लागल्या. अण्णांना ते फार लागलं. भाजल्याशिवाय चमचाभर सॉल्ट ज्यांनी बाहेर जाऊ दिलं नाही, त्यांच्यावर हा आळ!

त्या दिवसांत पिंपळगावकडच्या एका लॅबच्या मॅडम आमच्या पाठीशी उभ्या राहिल्या. मुंबईहून परत आलेला सीलबंद खोका त्यांनी स्वतःहून मागवून घेतला. एक रिकामी ट्यूब, एक आमच्या सॉल्टची, एक डीलरच्या सॉल्टची. तिन्हींत काचेच्या बाटलीतलं असिटोनायट्राइल. १४९ कुठेच नाही. मग तेच असिटोनायट्राइल प्लास्टिकच्या वॉश बॉटलमधून घातलं, आणि तिन्हींत पीक उभा! त्यांनी सहाही ग्राफ सही करून आम्हाला दिले आणि त्याच संध्याकाळी सीझनची ऑर्डर लिहिली. ती ऑर्डर नसती तर आज मी हे लिहायला नसतो.

मुंबईच्या लॅबनं वॉश बॉटल बदलली, हे त्यांच्याच माणसानं फोनवर सांगितलं. लेखी एक ओळ आजतागायत आलेली नाही. डीलर अजून धंद्यात आहे, आणि त्याचा माणूस अजूनही आमच्या मालाबद्दल तेच बोलतो.

आता लॅब चालवणाऱ्यांना दोन गोष्टी, कुणी विचारल्या नसल्या तरी. द्राक्षं मिक्सरला लावण्याआधी गोठवा, कोमट लगद्यात काही औषधं विरून जातात. सॉल्ट घातलं की ट्यूब स्टँडवर ठेवून गप्पा मारू नका, लगेच हलवा, नाहीतर तळाशी दगड होतो आणि मग रिकव्हरी, म्हणजे घातलेल्या औषधापैकी हाती परत येणारा भाग, ७० टक्क्यांच्या खाली गेली की दोष ट्यूबचा. आणि क्लोरमेक्वाट हे वेलीची वाढ रोखणारं औषध शोधायचं असेल तर आमची ट्यूब घेऊच नका. ते पाण्यात राहणारं औषध, क्वेचर्सच्या वरच्या थरात येतच नाही. त्याला आम्लयुक्त मिथेनॉलच लागतं. २०१० मध्ये युरोपात आपली द्राक्षं त्याच औषधावर अडली होती.

अण्णा आता नाहीत. प्रत्येक खोक्यात त्या बॅचच्या ब्लँकचा ग्राफ जातो, तो सॉल्व्हंटच्या ब्लँकशेजारीच छापतो. मॅडमच्या लॅबची यंदाची ऑर्डर परवाच आली.